मूठभर तिरफळं आणि इतर भानगडी

"चारशे रुपये! दहा गुलाबांचे चारशे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकलेल्या." कुंपणापलीकडून इंदूकाकूंचा आवाज आला आणि मी धुणं वाळत घालायचं टाकून मेंदीपाशी गेले. प्रकरण त्यांच्या नातीचं होतं. तिला कुणीतरी गुच्छ दिला होता. कुणी, ते ती सांगत नव्हती आणि काकूंना ते कधीच कळलेलं होतं. "तो समोरच्या बिल्डिंगमधला, कुरळ्या केसांचा. दुसरं कोण? पण मी म्हणते, द्यायचंच तर उपयोगाचं काहीतरी द्यावं."

"जुन्या काळी चीनमध्ये असती तर तिरफळं मिळाली असती," मी म्हटलं.

काकूंचं माहेर मालवणचं. तिरफळाचं नाव काढलं की त्या हातातलं काम खाली ठेवतात. मेंदी छाटायची कात्री खाली ठेवली. "तिरफळं? प्रेमात?"

"मूठभर."

"बांगड्यात घालायला?"

बांगड्यात नव्हे, हातात. मी सध्या 'शीचिंग' वाचते आहे. चिनी लोकांचा हा सगळ्यांत जुना गाण्यांचा संग्रह. गाणी ३०५, आणि ज्ञानेश्वरीच्या दोनेक हजार वर्षं आधीची. त्यात छन नावाच्या राज्यातलं एक गाणं आहे. एक पोरगी घरची सूतकताई टाकून बाजारात नाचायला जाते. एक पोरगा बघत उभा. त्याला ती रानातलं फूल वाटते, आणि ती त्याच्या हातावर मूठभर 'ज्याओ' ठेवते. ज्याओ म्हणजे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली.

काकूंनी उलटतपासणी घेतली. "खोडाला काटे असतात?"

"असतात."

"आतलं काळं बी टाकून वरचं टरफल तेवढं वापरतात?"

"तसंच."

"जिभेला झिणझिण्या?"

"हो."

"मग तिरफळच ते. पण प्रेमाची खूण म्हणून का?"

एक तर वास. दुसरं म्हणजे ते घोसाघोसानं धरतं, फांदी लगडून जाते. तेव्हा ते देण्यात पोराबाळांचा आशीर्वाद आलाच. पुढे हान राजांच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व २०६ नंतरच्या चारशे वर्षांत, छांगआन या राजधानीतल्या वेईयांग राजवाड्यात पट्टराणीच्या महालाला ज्याओ मिसळलेल्या मातीचा गिलावा करत. उबेला बरा, वासाला बरा आणि वंशवेलीलाही शुभ. 'ज्याओचं घर' म्हटलं की पट्टराणीचाच अर्थ निघायचा, इतकं ते बोलण्यात रुळलं.

"भिंतीला वाळवी लागत नसणार," काकू म्हणाल्या. राणीपेक्षा त्यांना भिंतीची काळजी जास्त. मग एकदम आठवण झाल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण ती पोरगी सूत टाकून बाजारात गेली, ते घरच्यांना चाललं?"

घरच्यांचं माहीत नाही, सरकारला चालत होतं! 'चौ ली' म्हणून त्यांच्या राज्यकारभाराच्या रीतींचा ग्रंथ आहे. त्यात सरकारी मध्यस्थाचं पदच नेमलेलं आहे. गावातल्या मुलामुलींच्या जन्माची नोंद ठेवायची. मुलगा तिशीला नि मुलगी विशीला लग्नाशिवाय राहू द्यायची नाही. आणि वसंताच्या मधल्या महिन्यात बिनलग्नाच्यांना एकत्र जमवायचं. त्या महिन्यात कुणी रीतभात न करता परस्पर जमवलं तरी त्याला मनाई नाही. उलट काही कारण नसताना जो येणार नाही, त्याला शिक्षा.

"न येणाऱ्याला?" काकूंनी कानावरचा पदर मागे सारला. "आमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या बँकेतल्याला धाडा तिकडे. अडतीस पूर्ण झाली."

आता हा ग्रंथ बराचसा 'कारभार कसा असावा' या धर्तीवरचा आहे. त्यातलं सगळं प्रत्यक्षात घडत होतं असं धरून चालायचं नाही. पण वसंतातल्या जत्रा मात्र खऱ्या. चंग राज्यात, आजच्या हनान प्रांतात, चन आणि वेई नावाच्या दोन नद्या आहेत. बर्फ वितळून पाणी भरून वाहायला लागलं की तिसऱ्या महिन्यात माणसं काठावर जमायची, हातात सुवासिक झाडपाला घेऊन इडापिडा धुऊन टाकायची. त्या झाडपाल्याचं नाव 'लान'. आज लान म्हटलं की ऑर्किड, त्यामुळे चित्रकार त्या पोरांच्या हातात ऑर्किड देतात. पण ते पाण्याकाठी उगवणारं, पानांना वास असलेलं साधं झुडूप होतं. तर शीचिंगमध्ये तिथल्या एका जोडीचं गाणं आहे. मुलगी म्हणते, चल, बघून येऊ. मुलगा म्हणतो, मी आत्ताच जाऊन आलो. ती म्हणते, परत चल. आणि तो जातो.

"जाणारच. ते आधी नाही म्हणणं उगाच असतं," काकू म्हणाल्या. "आमचे हेसुद्धा जत्रेला नको नको म्हणत, आणि चपला घालून पहिले दारात."

हसणं-खिदळणं होतं, आणि निघताना ते एकमेकांना पिओनीचं फूल देतात. आपल्या हवेत पिओनी धरत नाही, तिला कडाक्याची थंडी लागते. फूल चांगलं तळहाताएवढं, पाकळ्यांवर पाकळ्या. त्या झाडाचं एक जुनं नावच 'निघताना' या अर्थाचं आहे, त्यामुळे निरोपाला तेच फूल. आणि याच झाडाची मुळी चिनी वैद्य आजही बायकांच्या पोटदुखीवर देतात. काकूंना ही गोष्ट फार पटली. फूल त्याला, मुळी तिला.

पण गंमत पुढेच आहे. ही गाणी इतकी जुनी आणि इतकी मानाची, की कन्फ्यूशियसनं स्वतः ती निवडली असं पुढच्या लोकांनी मानलं. आता इतक्या थोर माणसानं निवडलेल्या पोथीत पोरंपोरी नदीवर काय करतात हे कसं ठेवायचं? मग हान काळातले पंडित कामाला लागले. अमुक गाणं म्हणजे राणीच्या सद्गुणांची स्तुती, तमुक गाणं म्हणजे बिघडलेल्या काळावर टीका. जिथे तिथे राजा, मंत्री, उपदेश. हजारावर वर्षं ही सारवासारव चालली. शेवटी बाराव्या शतकात चू शी नावाचा पंडित आला. स्वभावानं अतिशय कडक. त्यानं सरळ सांगून टाकलं, की काही उपदेश-बिपदेश नाही, ही पळून जाणाऱ्या पोरापोरींची चवचाल गाणी आहेत. नाक मुरडूनच म्हणाला, पण निदान गाण्यात काय आहे ते तरी म्हणाला. मला तो सोवळा म्हातारा त्या लांगूलचालन करणाऱ्या पंडितांपेक्षा बरा वाटतो.

"मी तेच म्हणते," काकू म्हणाल्या. "चहाडी करावी, पण खरी."

मग मी त्यांना कोपऱ्यातल्या मुलीचं सांगितलं. तेही शीचिंगमधलंच. गावच्या तटाच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरलेलं, आणि ही बया मुद्दाम लपून बसते. मुलगा येरझाऱ्या घालतो, डोकं खाजवतो. नंतर ती त्याला एक तांबडी नळी देते. ती नळी म्हणजे नेमकं काय यावर पंडितांनी रकानेच्या रकाने भरलेत, ते सोडून देऊ. मग एकदा कुरणातून येताना ती त्याच्यासाठी गवताचा कोवळा पांढरा कोंब आणते. मोल शून्य. आणि तो मुलगा प्रामाणिकपणे सांगतो, की कोंब काही एवढा सुंदर नाही. जिनं दिला तिच्यामुळे आहे.

"आणि आमच्या इथे चारशे रुपये!" विषय फिरून गुलाबांवर आला.

तसा पैशांचा हिशोब त्यांच्याकडेही होता, पण उलटा. दुसऱ्या एका गाण्यात ती त्याच्याकडे 'मूग्वा' फेकते. सफरचंदाच्या जातकुळीतलं, दगडासारखं कडक, आंबट, पण खोलीभर वास सुटेल असं फळ. आज चीनमध्ये त्याच नावानं पपई विकतात, म्हणून कुणी पपई फेकली समजायचं नाही. पपई अमेरिकेतली, ती कोलंबसानंतरची. तर ती फळ फेकते आणि तो बदल्यात पाचूसारखा मौल्यवान जेडचा खडा देतो, वर सांगतो की ही परतफेड नव्हे. काकू क्षणभर गप्प झाल्या. फळाला खडा हा भाव त्यांना एकदम मान्य होता.

"आणि जिला कुणी काहीच दिलं नाही, तिचं?"

तिचंही गाणं आहे. झाडावरची आंबट मेई फळं गळायला लागली आहेत. दहातली सात राहिली, मग तीन, मग टोपलीतच गोळा करायची वेळ. आणि ती मागणी घालणाऱ्यांना बजावते आहे, की यायचं तर लवकर या. फार काही लाजत-बिजत नाही.

फळं फेकायची ही रीत पुढेही चालू राहिली, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त फळं कुणाच्या वाट्याला आली असतील तर पान युएच्या. इ. स. २४७ चा जन्म, कवी, आणि लुओयांग शहरात त्याच्याइतका देखणा माणूस नाही. तो रस्त्यानं निघाला की बायका हातात हात घालून त्याला वेढा घालायच्या. गाडीत बसून निघाला तर बाया फळं फेकायच्या, इतकी की घरी येईपर्यंत गाडी भरायची.

"मंडईचा खर्च वाचला," काकू म्हणाल्या.

हो, पण पुढे ऐका. त्याच शहरात त्स्वो स नावाचा आणखी एक कवी होता. रूपानं अगदी यथातथा. त्यालाही वाटलं, आपणही तसंच रुबाबात फिरून बघावं. निघाला. तर म्हाताऱ्या बायकांनी गराडा घातला आणि सगळ्या मिळून त्याच्यावर थुंकल्या. ही हकिगत 'श-श्वो शिन-यू' या पाचव्या शतकातल्या पुस्तकात आहे. ते पुस्तक म्हणजे बड्या माणसांबद्दलच्या कुचाळक्यांचा नुसता खजिना आहे. काकूंना तो त्स्वो स इतका जवळचा वाटला की त्या त्याच्या बाजूनं भांडायलाच उठल्या. रूप काय, आज आहे उद्या नाही. मग मी त्यांना सांगितलं, की याच त्स्वो सनं नंतर तीन राजधान्यांवर एक लांबलचक काव्य लिहिलं. ते उतरवून घ्यायला अशी झुंबड उडाली की लुओयांगमध्ये कागदाचा भाव चढला. 'लुओयांगमध्ये कागद महागला' ही म्हण चिनी माणूस आजही गाजलेल्या पुस्तकासाठी वापरतो.

"बघा! आणि तो देखणा? चार बायका केल्या असतील त्यानं."

तसं नाही, आणि इथेच मला तो पान युए आवडतो. बायको गेली तेव्हा त्यानं तिच्यासाठी शोककाव्यं लिहिली. ती इतकी गाजली, की बायकोच्या मागे कविता लिहायची चिनी परंपरा त्याच्यापासून धरतात. गाडीभर फळं फेकणाऱ्यांपैकी एकीचंही नाव मागे राहिलं नाही. पुढे राजकारणात सापडला आणि ३०० साली त्याला मारलं, घरच्यांसकट. काकूंनी "अरेरे" म्हटलं आणि कात्री पुन्हा उचलली.

मेंदीच्या एका बाजूला पिवळट दोऱ्यांचं जाळं चढलं होतं. "ही बघ सटवी, पुन्हा आली," म्हणत त्यांनी अमरवेल ओढायला सुरुवात केली. ओढली की तुटते, तुटली की राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढते. मी जवळ वाकून पाहिलं. दोऱ्याला पान नाही, जमिनीत मूळ नाही. मेंदीच्या काडीला जिथे जिथे विळखा घातला होता तिथे बारीक फुगवटे, त्यातूनच ती रस ओढते.

"काकू, ही तिकडची नवरी."

"कोण?"

अमरवेल. हान काळातल्या अनामिक कवींच्या एकोणीस जुन्या कविता प्रसिद्ध आहेत. त्यातल्या एकीत नुकतंच नातं जुळलेली एक मुलगी नवऱ्याची वाट बघते आहे. तो हजार कोसांवर. गाडी कधी येणार? ती स्वतःला अमरवेल म्हणवते. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुनेला अमरवेल म्हणणाऱ्या सासवा त्यांनी पाहिल्या होत्या. स्वतःला म्हणवून घेणारी सून त्यांना नवीन होती.

सगळे म्हणतात, बाईला नवऱ्याचा आधार लागतो असा याचा अर्थ. मला तसं वाटत नाही, कारण ती अमरवेल झाडाला धरून नाही. ती धरते 'न्यूलुओ'ला. म्हणजे उंच झाडांवरून दाढीसारखं लोंबतं ना, दगडफुलाच्या जातीचं, त्याला. दोघांनाही मूळ नाही. तो कुठे तरी दूर लटकलेला, ही त्याला लटकलेली. यात आधार कसला? मला तर ती मुलगी रडताना टोमणाही मारते आहे असं वाटतं.

"मारला असेल. एवढे दिवस बाहेर राहायचं म्हणजे काय?" काकूंनी अमरवेलीचा गुंडा बादलीत टाकला आणि वरून पायानं दाबला.

बाहेर राहणारे नवरे हा त्या सगळ्या पुस्तकांचा फारच मोठा भाग आहे. कुणी लढाईवर, कुणी सरहद्दीवर, कुणी बदलीच्या गावी. शीचिंगमधली एक बाई म्हणते, तो पूर्वेला लढाईवर गेल्यापासून मी केसांना तेल लावलेलं नाही. तेल नाही असं नव्हे, लावायचं कुणासाठी? आणि तिला परसात एक झाड लावायचं आहे, दुःख विसरायला लावणारं. चिनी लोक ते झाड म्हणजे डे-लिली मानतात. नारिंगी, पिवळी फुलं. एक फूल एकच दिवस टिकतं. त्याच्या कळ्या वाळवून सुपात घालतात. खऱ्या हॉट अँड सावर सुपात त्या लांब तपकिरी काड्या असतात, त्या याच. आपल्या गाड्यांवर मिळतं त्यात कोबी असतो.

"म्हणजे दुःख विसरायला लावायचं आणि मग शिजवायचं," काकू म्हणाल्या. त्यांना ही व्यवस्था आवडली. वाया काही जात नाही.

नवरा परत यावा म्हणूनही झाड होतं. मुळी होती म्हणा. 'तांग-क्वेई', बायकांच्या औषधातली अव्वल मुळी. तिच्या नावात 'परत यायला हवं' असा अर्थ निघतो, म्हणून दूर गेलेल्याला ती पाठवायची. तिसऱ्या शतकात च्यांग वेई नावाच्या सेनापतीला त्याच्या आईनं ती पाठवली, घरी ये म्हणून. त्यानं उत्तरात दुसऱ्याच मुळीचं नाव लिहून पाठवलं. तिच्या नावाचा अर्थ 'दूरची महत्त्वाकांक्षा'. आईला मुलाचं उत्तर असं!

"मेला," काकू म्हणाल्या.

आणि मग गुंजा. काकूंचे वडील मालवणात सराफाच्या पेढीवर होते, त्यामुळे गुंज म्हटल्याबरोबर त्यांनी सबंध कोष्टक म्हणून दाखवलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. चीनमध्ये त्याच गुंजेचं नाव 'विरहाचा दाणा' असं आहे. तिकडे लाल दाण्यांची दोनतीन झाडं आहेत. एक आपली काळ्या डोळ्याची गुंज, एक आपल्याकडे रतनगुंज म्हणतात ते सबंध लाल, आणि एक त्यांचं खास दक्षिणेतलं मोठं झाड. गोष्ट अशी, की सरहद्दीवर मेलेल्या नवऱ्यासाठी एक बाई झाडाखाली रडून रडून मेली, त्या झाडाचे हे दाणे. आठव्या शतकात वांग वेई या कवीनं त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या, आणि तेव्हापासून लाल दाणा म्हणजे प्रेमाची आठवण हे चिनी माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं. अंगठीत, कर्णफुलात, डबीत, सगळीकडे. मात्र काही जुन्या प्रतींत त्या कवितेचा मथळा वेगळाच आहे. ती ली क्वेईन्येन नावाच्या दरबारी गवयाला दिलेली आहे. मित्रानं मित्राला. आज तीच कविता कार्डावर छापून मुलं मुलींना देतात.

"पण गुंज विषारी," काकूंनी आवाज खाली आणला. "आमच्या वाडीतली एक गाय गेली होती. सबंध गिळली तर टरफल कठीण म्हणून निभावतं. चावली की संपलं."

ते खरंच आहे. प्रेमाची खूण निवडताना चिन्यांनी नीट पारखून घेतली, असं मी मनात म्हटलं. काकूंसमोर नाही म्हटलं, कारण मग नातीचा विषय पुन्हा निघाला असता.

कमळाबद्दल मी फार सांगितलं नाही. कमळ त्यांच्याकडे इतकं आहे, की एकदा सुरू झालं की संपत नाही. एवढंच सांगितलं, की यांगत्सेच्या मुखाकडच्या मुली होड्यांतून कमळाच्या बिया काढताना जी गाणी म्हणायच्या, त्यांत प्रत्येक वस्तूला चोरकप्पा असायचा. त्यांच्या उच्चारात कमळ म्हणजे माया, कमळकाकडी म्हणजे जोडी, आणि तिचे तंतू म्हणजे आठवण. आई ऐकते तेव्हा पोरगी भाजीबद्दलच गाते आहे. कमळकाकडी मधून मोडून बघा. दोन तुकडे हातभर लांब केले तरी मध्ये कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक तंतू ताणलेले राहतात. मोडलं तरी न तुटलेल्या नात्याला चिनी माणूस आजही हेच सांगतो.

"ते तंतू दातात अडकतात," काकू म्हणाल्या. उल्हासनगरला बहिणीच्या शेजारी सिंधी कुटुंब होतं, तिथे त्यांनी ती भाजी खाल्ली होती.

पीचच्या फुलांची गोष्ट मात्र पूर्ण सांगावी लागली, कारण तिच्यात परीक्षेत नापास झालेला मुलगा आहे आणि काकूंच्या घरात एक आहे. तांग काळातला त्स्वेई हू. परीक्षेत गचकला, आणि छिंगमिंगच्या सणाला एकटाच छांगआनच्या दक्षिणेला भटकायला गेला. तहान लागली, एका घराचं दार ठोठावलं. मुलीनं फटीतून नाव-गाव विचारलं, पाणी आणून दिलं, आणि तो पीत असेपर्यंत ती अंगणातल्या फुललेल्या पीचच्या फांदीला टेकून उभी राहिली. बोलणं जवळजवळ नाहीच. पुढच्या वर्षी त्याच सणाला त्याला आठवण झाली. गेला तर दाराला कुलूप. झाड फुललेलं. त्यानं दारावरच कविता लिहिली आणि सही करून परतला. काही दिवसांनी पुन्हा गेला तर आतून रडण्याचा आवाज. म्हातारा बाप बाहेर आला आणि म्हणाला, "त्स्वेई हू तूच ना? माझी पोरगी तू मारलीस." ती वर्षभर झुरत होती, मधल्या एका दिवशी बापाबरोबर बाहेरून आली, दारावरची कविता वाचली, आणि अन्नपाणी सोडून गेली. हा आत धावला, तिचं डोकं मांडीवर घेऊन रडला. तर तिनं डोळे उघडले. लग्न झालं.

"एक पेलाभर पाणी दिलं आणि वर्षभर झुरली?" काकूंना हे पटेना. "आणि दारावर लिहायचं म्हणजे? लोकांच्या दारावर?"

"कविता चांगली होती, काकू."

"असू दे. रंग कोण देणार?"

आज चिनी माणसाच्या मागे एकाच वेळी दोनतीन मुली लागल्या की 'पीचच्या फुलांचा योग' म्हणतात. ज्योतिषी पत्रिकेत बघून सांगतात. हे ऐकल्यावर काकूंनी कुरळ्या केसांच्या मुलाची पत्रिका मिळवायचा विचार बोलून दाखवला.

शेवटची गोष्ट मी सांगणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं, की एवढी झाडं-पानं-फुलं झाली, एखादं सबंध झाड नाही का? आहे. जोडझाड. दोन खोडं, फांद्या एकमेकींत वाढून एक झालेल्या. बाय जूयी या कवीनं ८०६ साली बादशहा श्वानत्सोंग आणि त्याची लाडकी यांग क्वेईफेई यांच्यावर मोठं काव्य लिहिलं, त्यात ती दोघं अशाच झाडाच्या शपथा घेतात. ती बिचारी तोवर मरून पन्नास वर्षं झाली होती; ७५६ मध्ये सैनिकांनी हट्ट धरला आणि त्यानं तिला मरू दिलं. शपथांचं असंच.

पण झाड त्याच्याही आधीचं. चौथ्या शतकात गान बाओ नावाच्या इतिहासकारानं चमत्कारिक गोष्टींचं पुस्तक केलं, त्यात आहे. सोंग राज्यात खांग राजाच्या पदरी हान पिंग नावाचा माणूस होता. बायको सुंदर. राजानं ती उचलली. हान पिंग चिडला तर त्याला तट बांधायच्या मजुरीला लावलं. बायकोनं त्याला चोरून कोड्यात चिठ्ठी लिहिली, पाऊस आणि नदी आणि सूर्य यांच्याबद्दल. ती राजाच्या हाती लागली. कुणाला उलगडेना. मग एका मंत्र्यानं उलगडलं: दुःख संपत नाही, भेट होत नाही, मरायचं ठरवलं आहे. थोड्याच दिवसांत हान पिंगनं जीव दिला. तिनं अंगावरचे कपडे गुपचूप कुजवून घेतले, आणि राजाबरोबर उंच चौथऱ्यावर गेली असताना खाली उडी घेतली. माणसांनी धरायला हात टाकले तर हातात चिंध्या.

कपडे कशानं कुजवले असतील, लिंबू की चुना, याचा हिशोब काकूंनी लगेच सुरू केला. सुती असतील तर चुना चालणार नाही, रेशमी असतील तर चालेल. मी म्हटलं, रेशमीच असणार, राजवाडा होता.

तिच्या कमरपट्ट्यात चिठ्ठी निघाली, की आम्हाला एकत्र पुरा. राजा संतापला. त्यानं मुद्दाम दोन थडगी समोरासमोर, वेगळी बांधली, आणि म्हणाला, एवढं प्रेम असेल तर थडगी जोडून दाखवा, मी आड येणार नाही. एका रात्रीत दोन्ही थडग्यांतून झाडं उगवली. कॅटाल्पाची, रुंद पानांची. दहा दिवसांत कवेत मावणार नाहीत एवढी झाली. खाली मुळं एकमेकांत, वर फांद्या एकमेकांत, आणि फांदीवर बदकांची एक जोडी सकाळ-संध्याकाळ रडत बसलेली.

"आणि तो राजा?" काकूंनी विचारलं. "त्याचं काय झालं?"

राजा अस्सल इतिहासातला आहे. सिमा छ्यान हा त्यांचा मोठा इतिहासकार लिहितो, की हा माणूस चामड्याच्या पिशवीत रक्त भरून ती उंच टांगायचा आणि बाणानं फोडायचा. आपण आभाळाला मारलं, म्हणून. समजवायला येणाऱ्या मंत्र्यांवरही बाण सोडायचा. शेवटी इ. स. पूर्व २८६ मध्ये छी, छू आणि वेई या तीन राज्यांनी मिळून त्याला मारलं आणि राज्य वाटून घेतलं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून: "वाटणीवरून भांडले असतील."

"वाटणीचं माहीत नाही. पण दोनच वर्षांत पाच राज्यांनी मिळून छीला बडवलं. त्यात वेईही होतं."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या.